सांगलीतलं पेल्विक फ्लोअर फिजिओथेरपीचं क्लिनिक: आमच्या घरातल्या तिघींचा अनुभव

फोडणीत लाल मिरची पडली की ठसका लागतो, आणि ठसका लागला की लघवी सुटते. सहा वर्षं माझं हेच चाललं होतं. माझं पोळी-भाजी केंद्र आहे. दिवसाला चारशेच्या आसपास पोळ्या जातात, वर दोन भाज्या, आमटी, भात. पहाटे साडेपाचपासून मी ओट्यापाशी उभी असते. फोडणी टाकायची वेळ आली की मी पाय जवळ घेऊन, मांड्या आवळून उभी राहायची. हाताखालच्या बायकांना वाटायचं, माझी कंबर दुखतेय. गाऊनच्या आत पॅड असायचं, रोज दोन, सर्दी झाली की चार. बाहेरगावच्या लग्नाला जायचं तर आदल्या रात्रीपासून पाणी बंद.

मी आता 54 वर्षांची आहे. पाळी 51व्या वर्षी गेली आणि त्यानंतर त्रास जास्तच वाढला. खोकताना सुटायची, त्यात आणखी एक भर पडली. दुकानातून घरी आले आणि दाराच्या कुलपात किल्ली घातली की अशी कळ यायची की मोरीपर्यंत पोचेन का नाही याची खात्री नसायची. भांडी घासायला नळ सोडला तरी तेच.

मधे एका दवाखान्यात दाखवलं होतं. सोनोग्राफी चांगली आली. तरी पाच मिनिटांत सांगितलं, "पाळी गेलीच आहे, पिशवी काढून टाकू, सगळे प्रश्न मिटतील." 2019 साली बीडकडच्या ऊसतोडीच्या बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या मी रोज वाचत होते. सरकारला त्यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली होती, तेही लक्षात होतं. मी फाईल उचलली आणि घरी आले. पिशवी काढल्याने खोकताना सुटणारी लघवी थांबत नाही, ते दुखणंच वेगळं आहे, हे मला या क्लिनिकमध्ये कळलं. तेव्हा नुसतं मनाला पटलं नव्हतं, एवढंच.

इथला पत्ता दिला तो माझ्याकडून डबा नेणाऱ्या एका सिस्टरनी. म्हणाल्या, "मावशी, याच कामाची वेगळी फिजिओथेरपी असते. गुडघ्याची असते तशी." मला खरं वाटलं नाही. फिजिओ म्हणजे लकवा, फ्रॅक्चर आणि मानेचा पट्टा, एवढंच मला माहीत.

पहिली भेट पन्नास मिनिटांची झाली. त्यातली निम्मी नुसती बोलण्यात गेली. बाळंतपणं किती, कशी, मुलांची वजनं काय, टाके पडले होते का, किती दिवसांत कामाला लागलात, शी साफ होते का कुंथावं लागतं, वारा अडवता येतो का, नवरा-बायकोचे संबंध दुखतात का. हे सगळं साध्या मराठीत, माझ्याकडे बघून, आवाज न चढवता आणि न कुजबुजता. माझा थोरला 3.8 किलोचा होता आणि त्याच्या वेळी मी दोन दिवस कळा दिल्या होत्या, हे मला गेल्या तीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. त्याआधी लघवीची आणि साखरेची तपासणी करून आणायला लावली. जंतुसंसर्ग किंवा मधुमेह असेल तर लघवी त्यानेही वारंवार होते आणि मग आधी त्याचं औषध घ्यायचं. लघवीतून रक्त जात असेल तर व्यायाम नाही, आधी डॉक्टर, हेही तेव्हाच स्पष्ट सांगितलं.

टेबलावर कमरेच्या हाडांचा प्लास्टिकचा सांगाडा आहे. त्याच्या तळाला लाल रबराची झोळी ताणून लावलीय, पुढे जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत. तिथल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी तो माझ्या हातात दिला. ही झोळी म्हणजेच पेल्विक फ्लोअर, कमरेच्या तळाचे स्नायू. मूत्राशय, गर्भाशय, शौचाची आतडी हे सगळं या झोळीवर बसलेलं असतं आणि तिन्ही वाटा या झोळीतूनच बाहेर पडतात. खोकला आला, शिंक आली, पिठाचा डबा उचलला की पोटातून दाब खाली येतो. झोळी त्याच क्षणी वर ओढली गेली तर वाट बंद राहते, नाही ओढली गेली तर सुटते. बाळंतपणात ही झोळी प्रचंड ताणली जाते. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, तिथली कातडी पातळ आणि कोरडी होते, आणि इतकी वर्षं कसंबसं निभावलेलं उघडं पडतं. माझं नेमकं तसंच झालं होतं.

मग तपासणी. याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण याच भीतीने बायका जात नाहीत. स्वतंत्र खोली आहे, दाराला आतून कडी आहे, अंगावर चादर असते. मॅडमनी आधी काय करणार ते पूर्ण सांगितलं आणि विचारलं, चालेल का. "नको वाटलं तर नुसता हात वर करा, मी लगेच थांबेन. आतून तपासलंच पाहिजे असं नाही, बाहेरूनही बरंच कळतं." मी हो म्हणाले. हातमोजा घालून एका बोटाने तपासतात, कुठलंही लोखंडी हत्यार नाही. दुखलं नाही.

"आता ही झोळी आवळा," त्या म्हणाल्या. मी जोर लावून आवळलं. त्या थांबल्या. म्हणाल्या, "ताई, तुम्ही आवळत नाही आहात. तुम्ही खाली ढकलताय."

मी गेली दोन वर्षं मोबाईलवर बघून रोज सकाळी केगेलचे, म्हणजे हाच स्नायू आवळायचे, व्यायाम करत होते. शंभर-शंभर. दोन वर्षं मी श्वास कोंडून, पोट ताठ करून उलट दिशेला जोर लावत होते आणि स्वतःचं दुखणं वाढवत होते. मला तिथे रडू आलं. मॅडमनी घाई केली नाही. पाणी दिलं, मग सांगितलं की नुसतं वाचून किंवा ऐकून हे बऱ्याच जणींना जमत नाही, कारण हा स्नायू दिसत नाही. 1948 साली अमेरिकेतल्या अर्नॉल्ड केगेल या स्त्रीरोगतज्ज्ञांनी हे व्यायाम मांडले तेव्हा दाब मोजायचं यंत्रही सोबत वापरलं होतं. बाईला स्वतःचा जोर काट्यावर दिसायचा. आपल्यापर्यंत येताना यंत्र गळून पडलं आणि नुसतं "आवळा" तेवढं राहिलं.

नंतर त्यांनी जे शब्द वापरले ते मला लगेच कळले. "परकराची नाडी कशी ओढतो? चारी बाजूंनी कापड मध्ये गोळा होतं. तसं मागून सुरू करा, वारा अडवल्यासारखं, मग पुढे आणा, आणि नाडी वर ओढा. पोट, मांड्या, ढुंगण काही हलायला नको. श्वास चालू ठेवा." चौथ्या वेळेला म्हणाल्या, "हं, हे बरोबर." मला स्वतःला फार काही जाणवलं नव्हतं, इतकी ती हालचाल बारीक होती. त्यांनी शून्य ते पाच या मापात मला एक गुण दिला आणि कागदावर लिहून ठेवला. "आणि नाडी सोडायचीही असते," हे त्यांनी प्रत्येक वेळी आठवणीने सांगितलं. जेवढं ओढलं तेवढंच पूर्ण सैल.

घरी तीन दिवसांची लघवीची वही लिहायची होती. किती वाजता पाणी, चहा, किती वाजता लघवी, मापाने किती, कधी सुटली. मी दुधाचं प्लास्टिकचं माप वेगळं ठेवलं आणि लिहिलं. दिवसात चौदा वेळा, एका वेळी शंभर मिली, कधी ऐंशीच. मूत्राशयात तीन-चारशे मिली सहज मावतं. पाणी मात्र मी दिवसाला जेमतेम तीन पेले पीत होते आणि चहा सहा कप. सुटेल या भीतीने मी "आत्ताच जाऊन येते" असं करत सारखी जात होते, आणि मूत्राशयाला थोड्यालाच कळ द्यायची सवय लागली होती. पाणी कमी म्हणून लघवी घट्ट, घट्ट म्हणून ती आतून टोचणार. मी जे जे सावधगिरी म्हणून करत होते त्यातलं बरंचसं त्रास वाढवणारं होतं.

मला मिळालेलं वेळापत्रक असं: दिवसातून तीन वेळा, आठ वेळा ओढून धरायचं, सुरुवातीला तीन सेकंद, पुढे वाढवत दहापर्यंत. त्यानंतर दहा वेळा पटपट ओढून सोडायचं. आधी आडवं पडून, मग बसून, मग ओट्यापाशी उभं राहून. लघवी करताना मधेच धार थांबवून व्यायाम करायचा नाही, त्याने मूत्राशय नीट रिकामं होत नाही. ठसका येणार असं वाटलं की आधी नाडी ओढायची, मग खोकायचं. पिठाचा डबा उचलताना श्वास कोंडायचा नाही, चूल फुंकतो तशी फुंकर सोडत उचलायचा. कळ आली की पळायचं नाही, जागीच उभं राहून पाच-सहा वेळा पटपट आवळायचं, कळेची लाट ओसरते, मग शांत चालत जायचं. दोन लघव्यांमधलं अंतर पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवायचं. कमोडवर बसताना पायाखाली पाट घ्यायचा, म्हणजे कुंथावं लागत नाही. जेवायला बसायचा आमचा जुना पाट आता तिथेच असतो.

पहिले चार आठवडे काहीही फरक पडला नाही. हे मुद्दाम लिहिते. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की तीन महिने धरून चला, स्नायूला ताकद यायला तेवढा वेळ लागतो. सातव्या आठवड्यात एका सकाळी वांग्याच्या भाजीची फोडणी टाकली, ठसका लागला, खोकले, आणि पुढची पोळी लाटायला घेतल्यावर माझ्या लक्षात आलं की मी कोरडी आहे.

चार महिन्यांत माझ्या नऊ भेटी झाल्या. शेवटच्या तपासणीत एकाचे तीन गुण झाले होते. दिवसात आता सात-आठ वेळा जाते, रात्री तीनदा उठायचे ती एकदा. पॅड बंद आहे. गेल्या महिन्यात खोकला झाला होता तेव्हा दोनदा थोडी सुटली. पूर्ण गेलंय असं मी म्हणणार नाही. कोरडेपणासाठी त्यांनी मला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, तिथून लावायची क्रीम मिळाली, त्याचाही उपयोग झाला.

माझी लेक पहिल्या बाळंतपणाला आली होती. नॉर्मल झालं, पण बरेच टाके पडले. अडीच महिने झाले तरी मांडी घालून बसता येईना, आणि इतरही दुखणं होतं जे तिने मला सांगायला आणखी पंधरा दिवस घेतले. (तिला विचारूनच हे लिहितेय.) मला वाटलं, माझ्यासारखंच असणार, व्यायाम मीच शिकवते. मॅडमनी तपासलं आणि म्हणाल्या, "हिला एकही केगेल करायला लावू नका. हिची झोळी ढिली नाही, आवळून बसलीय." दुखण्याच्या भीतीने स्नायू सतत आखडलेला होता आणि त्यावर ती रील बघून आणखी आवळत होती. तिला शिकवलं ते सोडायला. नाकाने श्वास घेताना पोट फुगू द्यायचं आणि खालची जागा फुलासारखी सैल सोडायची, बालासनात पडून राहायचं, टाक्यांच्या वणावर बोटाने तेल लावून हलका मसाज. पाच भेटींत ती बाळाला मांडीवर घेऊन खाली बसायला लागली. बाकीचंही सुधारतंय असं म्हणते, मी खोलात विचारत नाही.

तिचं पोट मी बांधत होते. माझ्या आईने माझं बांधलं होतं तसंच, जुन्या लुगड्याने, करकचून. मॅडमनी पोटावर बोटं ठेवून तिला मान उचलायला लावली. पोटाच्या स्नायूंमधल्या फटीत अडीच बोटं गेली. मग मला जवळ बोलावून दाखवलं की वरून करकचून बांधलं की दाब खालीच जातो, आणि तिथे आधीच टाके आहेत. हलका आधार चालेल, खालून वर बांधायचा आणि सैल. मला वाईट वाटलं, पण त्यांनी "चूक केलीत" असा एक शब्द वापरला नाही. डिंकाचे लाडू, विश्रांती, सव्वा महिना जड न उचलणं हे सगळं चांगलंच आहे म्हणाल्या, ते चालू ठेवा. माझी भाची फ्रान्समध्ये असते. तिला बाळंतपणानंतर डॉक्टरांनीच या व्यायामाच्या भेटी लिहून दिल्या होत्या आणि खर्च तिथल्या सरकारी विम्यातून झाला. आपल्याकडे बाळाच्या लसीकरणाची तारीख सगळं घर लक्षात ठेवतं. आईला सहा आठवड्यांनी एकदा असं दाखवायला काय हरकत आहे?

आता सासूबाई. त्या 78 वर्षांच्या आहेत. लेकीला घेऊन निघालो होतो तेव्हा त्या सोबत आल्या, बाळाला धरायला म्हणून. लेक आत असताना मॅडमनी बाहेर येऊन सहज त्यांच्याजवळ बसून विचारलं, "आजी, तुम्हाला काही त्रास?" त्या म्हणाल्या, "छे गं बाई, आता कसला त्रास." मॅडमनी विचारलं, "बसताना अंड्यावर बसल्यासारखं वाटतं का?"

सासूबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुला कुणी सांगितलं?"

त्यांचं अंग बाहेर येत होतं, म्हणजे गर्भाशय खाली सरकून योनीमार्गातून बाहेर. वीस वर्षांपासून. चार बाळंतपणं घरी, शेवटच्या खेपेला बाराव्या दिवशी विहिरीवरून घागर. लुगड्याचा तुकडा घडी करून त्या आतून घट्ट बांधत होत्या, संध्याकाळी आत सारून झोपत होत्या. मी त्या घरात तीस वर्षं आहे. त्यांची लुगडी मी धुतली आहेत. मला माहीत नव्हतं, आणि माझी सुटणारी लघवी त्यांना माहीत नव्हती. "आत्या, मला का नाही सांगितलं?" असं विचारलं तर म्हणाल्या, "बाईच्या जातीला असतंच ते."

इथे मला हे क्लिनिक सगळ्यात जास्त आवडलं. मॅडमनी त्यांना दहा-पंधरा भेटींचं पॅकेज विकलं नाही. स्पष्ट सांगितलं, एवढं खाली आलेलं अंग नुसत्या व्यायामाने वर जाणार नाही. सुरुवातीचं असतं तर व्यायामाने पुष्कळ आराम पडला असता. त्यांनी चिठ्ठी देऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे अंग आत धरून ठेवणारी सिलिकॉनची रिंग बसवली, ऑपरेशन नाही. दर तीन-चार महिन्यांनी ती काढून, धुऊन, आत जखम नाही ना हे बघून परत बसवतात. व्यायाम मॅडमकडे दोनच भेटींत शिकवला: आवळणं, फुंकर टाकत खुर्चीतून उठणं, बद्धकोष्ठ होऊ न देणं. सासूबाई म्हणाल्या, हा तर योगातला मूलबंध, रेडिओवर ऐकलं होतं. बराचसा तसाच आहे म्हणाल्या मॅडम. आता त्या कृष्णेकाठच्या गणपतीला चालत जातात. आधी रिक्षातून उतरून पायरीवरच बसायच्या.

एकाच घरातल्या तिघी, आणि तिघींना तीन वेगळी उत्तरं मिळाली. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की माझं वाचून माझे व्यायाम करू नका. आधी कोणाच्या तरी हाताखाली तपासून घ्या, ओढायचंय का सोडायचंय ते कळू द्या.

उणिवाही सांगते, कारण मी त्या मॅडमच्या तोंडावर सांगितल्या आहेत. क्लिनिक पहिल्या मजल्यावर आहे आणि आम्ही गेलो तेव्हा तीन वेळा लिफ्ट बंद होती. अंग बाहेर आलेल्या म्हाताऱ्या बाईला जिने चढवणं बरोबर नाही. बसायची जागा गुडघ्या-मानेच्या पेशंटसोबत आहे. तिथे पुरुषमंडळी असतात आणि काउंटरवरच्या मुलीने पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, "काय त्रास आहे?" मी "कंबर" म्हणाले. आता त्यांनी लिहून द्यायचा कागद ठेवलाय, हे चांगलं केलं. संडास व्हरांड्याच्या टोकाला होता आणि किल्ली काउंटरला मागायची. लघवी धरवत नाही म्हणून आलेल्या बाईला किल्ली मागायला लावायची हे मला फार लागलं. सांगितल्यावर पुढच्या आठवड्यात कुलूप काढलं.

फी पहिल्या भेटीला 800, पुढे 600. मेडिक्लेममधून मिळाली नाही, कारण भरती व्हावं लागत नाही. पण माझ्या सहा वर्षांच्या पॅडचा हिशेब मी मांडून बघितला, तो याच्या कितीतरी वर गेला. मॅडमनी भेटी विनाकारण वाढवल्या नाहीत, उलट सातव्यानंतर महिन्याने या म्हणाल्या. संध्याकाळच्या वेळा लवकर भरतात. दुपारी दोन ते चार सहज मिळते आणि माझ्यासारख्या डबेवालीला तीच सोयीची.

पहिल्या दिवशी साडीऐवजी सैल सलवार किंवा गाऊन घालून जा, सोपं पडतं. पाळी चालू असेल तर फोन करून पुढची तारीख घ्या. लघवीची वही आधीच तीन दिवस लिहून नेलीत तर एक भेट वाचेल, माप कुठलंही चालतं. आणि घरातली म्हातारी बाई सोबत येत असेल तर येऊ द्या.